मेलेल्याला मेलेलेच राहू द्या: सुपरहिरो मालिकांच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत सुपरहिरो मालिका आणू पाहणारे निर्माते, वाहिन्या आणि ओटीटी मंचांचे कथा-विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा रहिवासी. शाळेत मराठी शिकवतो आणि देवळांच्या उत्सवांत होणारी नाटके बसवतो. माझ्या नाट्यवर्गातील काही आजी-माजी विद्यार्थी आणि मी मिळून आठ भागांच्या एका मराठी सुपरहिरो मालिकेचा आराखडा तयार केला आणि गेल्या वर्षी आपल्यापैकी एका संस्थेकडे पाठवला. संस्थेचे नाव येथे घेत नाही, कारण तिने जे उत्तर दिले तेच थोड्याफार फरकाने इतरांकडूनही आले असते असे मला वाटते. उत्तर सौजन्याचे होते. कल्पना आवडल्याचे आणि गोव्याची पार्श्वभूमी ताजी वाटल्याचे त्यात आवर्जून लिहिले होते. मात्र पुढे दोन अटी होत्या. सातव्या भागात जे पात्र मरते त्याचा मृत्यू नंतर उलटवता येईल असा ठेवावा, आणि आठ भागांत संपणारी गोष्ट निदान तीन सीझन चालेल इतकी मोकळी करावी. पुष्टीसाठी ‘द फ्लॅश’ या अमेरिकी मालिकेचा दाखला दिला होता: नऊ सीझन, १८४ भाग, माणसे मरतात आणि परततात, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही.

आराखडा परत येणे ही लिहिणाऱ्याच्या नशिबातली नेहमीची गोष्ट आहे, तेवढ्यासाठी कोणी जाहीर पत्र लिहीत नाही. परंतु ही अट आमच्यापुरती नाही. उद्या मराठीत या प्रकारचे जे कोणी लिहील त्याच्यापुढे हीच अट ठेवली जाणार असेल, तर तिच्यावर चारचौघांत बोलणे आवश्यक आहे. शिवाय आपण दाखला दिलात ती मालिका मी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिलेली आहे, निम्मी तर वर्गातल्या मुलांच्या सोबतीने, आणि तिच्यातून मला आपल्या नेमके उलट दिसते.

आधी आमची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे वाद कशाचा आहे हे वाचणाऱ्यांना कळेल. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांधात जेथे मानस, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याचे दार, असते तेथे तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. आमची नायिका मानशीची राखण करणाऱ्याची मुलगी आहे. पाण्याचा दाब तिला तळहातावर जाणवतो आणि ती भरती थोपवू शकते. पण थोपवलेले पाणी नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे चढते. सातव्या भागात ती आपल्या वाड्याची शेते वाचवते, त्याच रात्री पलीकडच्या काठावरचा बांध फुटतो आणि तिला लहानपणी पोहायला शिकवणारा माणूस वाहून जातो. आठव्या भागात एकही मारामारी नाही. ती त्या माणसाच्या घरी जाते, त्याची बायको तिच्यापुढे चहा ठेवते, आणि हे कोणामुळे घडले ते सांगायचे की नाही, यावर तो अख्खा भाग उभा आहे. हा मृत्यू उलटवता येण्याजोगा केला की तो चहाचा कप निव्वळ पाहुणचार उरतो आणि तिच्या शक्तीला कसलीही किंमत राहत नाही.

आता ‘द फ्लॅश’. २०१४च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या मालिकेच्या पहिल्या सीझनाची बांधणी अभ्यास करावा इतकी पक्की आहे. बॅरी, म्हणजे पुढे अफाट वेगाने धावणारा फ्लॅश हा नायक, अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईचा खून होतो, निरपराध बाप तुरुंगात जातो आणि तपास करणारा जो वेस्ट हा पोलीसच त्या पोराला आपल्या घरी वाढवतो. अफाट वेगाच्या शक्तीखाली असा एक घरगुती पाया आधीच घालून ठेवलेला आहे. पहिल्याच भागाच्या शेवटी बॅरीचा मार्गदर्शक हॅरिसन वेल्स चाकांच्या खुर्चीतून उठून उभा राहतो आणि २०२४ सालचे वर्तमानपत्र वाचतो, ज्यात फ्लॅश नाहीसा झाल्याची बातमी आहे. नायकाला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला पहिल्या तासातच कळते. त्यानंतर वेल्स प्रेमाने बोलला तरी आपल्या पोटात गोळा येतो. रंगभूमीवर काम करणाऱ्याला ही युक्ती नवी नाही, पण ती इतक्या लांबवर आणि इतक्या संयमाने वापरलेली क्वचित दिसते.

त्याच सीझनाचा पंधरावा भाग मी मुलांना दोनदा दाखवला. सिस्को हा बॅरीचा हसतमुख सोबती वेल्सचे खरे रूप, म्हणजे तोच बॅरीच्या आईचा खुनी असल्याचे, ओळखतो आणि वेल्स थरथरता हात त्याच्या छातीतून आरपार घालून त्याला मारतो, तेही त्याच्यावर मुलासारखी माया असल्याचे सांगत. तिकडे शहरावर येणारी लाट अडवताना बॅरी इतक्या वेगाने धावतो की तो एक दिवस मागे जातो आणि घडलेले सारे पुसले जाते. म्हणजे मृत्यू येथेही उलटवला गेला, हे मला मान्य आहे. परंतु लेखकांनी त्याची आठवण पुसली नाही. पुढच्या भागांत सिस्कोला त्या क्षणाची स्वप्ने पडू लागतात, आणि त्या स्वप्नांचा माग काढत काढतच वेल्सचे बिंग फुटते. न घडलेला मृत्यू गोष्टीला पुढे ढकलतो. आपल्या कथा-विभागाने अनुकरणच करायचे तर याचे करावे.

पहिल्या सीझनाच्या अखेरीस बॅरीला आईच्या खुनाच्या रात्री परत जाण्याची संधी मिळते. तेथे त्याचेच पुढच्या काळातले रूप त्याला हात करून थांब म्हणते, तो थांबतो, आईला मरू देतो आणि शेवटची काही मिनिटे तिच्याजवळ बसून आपण आणि बाबा सुखरूप आहोत एवढेच तिला सांगतो. शक्ती असून न वापरण्याचा हा प्रसंग मला सगळ्या १८४ भागांत सर्वांत मोठा वाटतो. आणि एका वर्षाने, दुसऱ्या सीझनाच्या शेवटच्या मिनिटांत, तोच बॅरी मागे जाऊन आईला वाचवतो. बापाचा नुकताच खून झालेला असल्यामुळे त्याचे मन समजते, तेथे माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या भागाविषयी आहे. ज्या निर्णयावर सबंध सीझन उभा राहू शकला असता तो २०१६च्या ऑक्टोबरात एकाच भागात गुंडाळला गेला. आई-वडिलांसोबतचे सुख, विरत चाललेल्या आठवणी, ज्याला पिंजऱ्यात कोंडले त्याच शत्रूला आईला पुन्हा मारायला सांगण्याची नामुष्की, हे सगळे चाळीसेक मिनिटांत उरकले.

उरकले तरी त्याचे ओरखडे मागे राहिले, आणि ते जेथे राहिले तेथे मालिका पुन्हा जिवंत झाली. काळाची घडी बदलल्यामुळे सिस्कोचा भाऊ अपघातात गेलेला असतो. सिस्को बॅरीकडे विनवणी करतो की एकदाच मागे जा आणि त्याला आण, आणि स्वतःच्या आईसाठी धावलेला बॅरी मित्राच्या भावासाठी नाही म्हणतो. त्या अबोल्याचे भाग पाहताना वर्गात चुळबुळ नव्हती. दुसरीकडे, जोडीच्या ‘अ‍ॅरो’ मालिकेतील डिगलची लहान मुलगी जगातूनच नाहीशी होऊन तिच्या जागी मुलगा आलेला असतो. बापाला आपली मुलगी होती हे दुसऱ्याने सांगावे लागते! याहून भयंकर गोष्ट या साऱ्या पसाऱ्यात नाही, आणि तिला काही संवादांपलीकडे जागा मिळाली नाही, कारण पुढच्या आठवड्याचा खलनायक दाराशी उभा होता.

तिसऱ्या सीझनात तर बॅरीला भविष्यात दिसते की त्याची प्रिया आयरिस सॅव्हिटारच्या हातून मरणार आहे. (मुंजीत ज्याचा मंत्र दिला जातो त्या सवित्याचे नाव घेतलेला हा खलनायक. पण नावापलीकडे त्या दैवताशी मालिकेने काहीही संबंध ठेवलेला नाही.) महिनोन्‌महिने त्या क्षणाची धास्ती घातली आणि शेवटी कळले काय, तर आयरिसचा चेहरा घेऊन एच. आर. हा दुसराच सोबती मेला. सीझन संपताना बॅरी स्वतः कायमचा निरोप घेऊन निघून जातो आणि पुढचा सीझन उघडताच पहिल्याच भागात परततो. पहिल्या भागातले ते २०२४चे वर्तमानपत्र आठवत असेल. त्यातला फ्लॅशचा अंत २०१९च्या अखेरीला अलीकडे ओढला गेला आणि तेव्हाही बॅरीच्या जागी समांतर विश्वातल्या दुसऱ्या पृथ्वीवरचा फ्लॅश मेला. सव्वापाच वर्षे दाखवलेली हुंडी ऐन वटवण्याच्या दिवशी दुसऱ्याच्या खात्यावर टाकली. ती भूमिका केली जॉन वेस्ली शिप यांनी, ज्यांनी १९९०च्या मालिकेत फ्लॅश साकारला होता, म्हणून डोळ्यांत पाणी आले हे खरे. पण ते पाणी नटाच्या पुण्याईचे होते, पटकथेचे नव्हे.

हे सगळे पाहून माझ्या वर्गातल्या एका मुलाने काय शिकावे? तालमीत एका प्रसंगात नायक पडतो, तेथे बाकीच्यांनी हंबरडा फोडायचा होता, आणि हा शांत उभा. कारण विचारले तर म्हणाला, “सर, तो मरचो ना. फुडल्या सिझनाक परत येतलो.” पोराचे चुकले असे मला म्हणता येईना. आपल्याला हाच प्रेक्षक हवा आहे का, हे आपणच ठरवा.

लांबीविषयी दोन शब्द. ‘द फ्लॅश’च्या सुरुवातीच्या सीझनांची २३ भागांची लांबी ही कथेची गरज नव्हती. अमेरिकेतील वाहिन्यांचा सीझन शरद ऋतूपासून मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला चालवायचा असतो आणि जाहिरातींचा सारा हिशेब त्यावर असतो. म्हणून दर आठवड्याला एक खलनायक येतो आणि तासाभरात पकडला जातो, म्हणून पहिल्या तिन्ही सीझनांत मुख्य शत्रू नायकासारखाच धावणारा निघतो. चौथ्या सीझनात बुद्धीने लढणारा शत्रू आणल्यावर लेखकांनी मोकळा श्वास घेतल्याचे जाणवते. आपल्या मंचांवर हे वेळापत्रकाचे ओझे नसताना त्या ओझ्यातून आलेले दोष मात्र आपण आयात करू पाहता, हे कोडे मला उलगडत नाही. ‘हीरोज’ या मालिकेचे उदाहरण तर फार आधीचे आहे. २००७ साली पहिला सीझन संपताना तलवार खुपसलेला खलनायक सायलर मेला असे वाटते न वाटते तोच रक्ताची रेघ गटाराच्या झाकणापाशी जाताना दिसते, आणि आकाशात स्फोट पावलेला नायक पीटर पुढच्या सीझनात हजर होतो. ज्याला सगळ्यांच्या शक्ती घेता येतात अशा पीटरचे पुढे करायचे काय, हे त्या लेखकांना कधीच नीट सुचले नाही. उलट २०१९चे ‘वॉचमेन’ १९२१च्या टल्सा येथील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून सुरू होऊन नऊ भागांत संपले, आणि २०२०मध्ये त्याला ११ एमी पुरस्कार मिळाले. संपलेल्या गोष्टीला बाजार नसतो, हे म्हणणे त्यामुळे मला पटत नाही.

पैशांचा मुद्दा आपण पत्रात काढला नव्हता, पण तो मनात असणार. २०१५च्या ‘डेअरडेव्हिल’च्या दुसऱ्या भागात पळवून नेलेल्या एका मुलाला सोडवायला आधीच जखमी असलेला नायक एका बोळकांडीत शिरतो, आणि ती सबंध मारामारी एकाच सलग दृश्यात घडते. त्या दृश्यात प्रकाशाचे झोत नाहीत, कोसळणाऱ्या इमारती नाहीत. माणूस दमतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. थकवा दाखवायला व्हीएफएक्स लागत नाही, चांगला नट आणि धीट दिग्दर्शक लागतो. मराठीत पैसा कमी आहे आणि रंगभूमीवर घडलेले नट भरपूर आहेत, तेव्हा आपली ताकद कोठे आहे हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ नको.

आपली परंपरा तरी काय सांगते? पेडण्यात दशावताराला माणसे पहाटेपर्यंत बसतात. संकासुराची फजिती, मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात आणि शेवट लहान पोरालाही ठाऊक असतो. पुढे काय होणार यासाठी तेथे कोणी बसत नाही, आजचा नट ते कसे सोसणार हे पाहायला बसतो. आपल्या पुराणांत शक्ती कमी नाहीत, पण प्रत्येक वराच्या पोटात एक अट आहे आणि प्रत्येक अस्त्रामागे एक शाप. प्रत्यक्ष कृष्ण मामा असताना अभिमन्यू परत आला नाही. कोणी म्हणेल, परीक्षिताला कृष्णानेच जिवंत केले, आणि सत्यवानही परत आला. बरोबर आहे. पण परीक्षित वाचला म्हणून अभिमन्यूचे जाणे हलके होत नाही, आणि सत्यवानासाठी सावित्रीला यमाच्या मागे चालत त्याला त्याच्याच वरांत अडकवावे लागले. परत आणूच नका असा माझा हट्ट नाही. परत आणण्याचे मोल कोणीतरी मोजलेले दिसावे, एवढेच म्हणणे आहे.

‘शक्तिमान’चाही उल्लेख करायला हवा, कारण १९९७ पासून दूरदर्शनवर त्याने या देशात हा प्रकार घरोघरी नेला. त्याचा मोठा गुण गंगाधर हा होता. शक्तीमागे एक वेंधळा, हसू ओढवून घेणारा माणूस होता. दोष हा की शक्तिमान हरेल असे क्षणभरही वाटत नसे. तो मुलांसाठीचा कार्यक्रम होता, त्याला ते माफ. मोठ्यांसाठी मालिका करताना ती सूट आपल्याला नाही.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो. पहिली अशी की, मृत्यू उलटवता येईल असा ठेवावा ही अट कोणत्याही मराठी आराखड्यावर सरसकट घालू नये. एखाद्या कथेत पुनरागमन हवेच असेल तर त्याची किंमत कोण आणि केव्हा मोजणार, हे लेखकाकडून आधी लिहून घ्यावे. दुसरी, शक्तीची मर्यादा पहिल्या दोन भागांत ठरवावी आणि शेवटच्या भागात अडचण आली म्हणून ती मोडू नये. तिसरी, भागांची संख्या कथेवरून ठरवावी. आठात संपणारी गोष्ट आठात संपू द्यावी, आणि पुढच्या सीझनाची खात्री नसताना गोष्ट अर्ध्यावर टांगून ठेवू नये. चौथी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कथा-विभागात रंगभूमीवर काम केलेली माणसे घ्यावीत, गोव्यातली आणि कोकणातलीही, आणि आराखडा नाकारताना किंवा अटी घालताना त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलू द्यावे. दर नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि त्याला जोडून भरणारा चित्रपटांचा बाजार यांच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेक जण पणजीला येतात. फोंडा तेथून तासाभराच्या आत आहे. एखादी संध्याकाळ आमच्या तालमीला या. परीक्षक म्हणून नको, बाकावर बसून मुलांशी वाद घालायला या.

आमचा आराखडा आम्ही मागे घेतलेला नाही आणि सातवा भाग बदललेलाही नाही. ज्या संस्थेला तो या स्वरूपात वाचायचा असेल तिला तो मिळेल. अट कायम असेल तर तसे कळवावे, मात्र या वेळी कारणांसह आणि जाहीरपणे, म्हणजे दुसरे लिहिणारेही ती वाचू शकतील.

आपला,
एक नाट्यशिक्षक
फोंडा, गोवा